भाव ऐकून गप्प गेलेला माणूस

एकदा एका पेठेच्या गावात नव्या फोनची वाट पाहणं सुरू झालं. गाव कृष्णाकाठचं, गुळाच्या सौद्याचं. लोकांनी तिथं सौद्याची वाट पाहिली होती, जत्रेची पाहिली होती. पण अजून कुणी डोळ्यांनी न पाहिलेल्या वस्तूची अशी वाट कधी पाहिली नव्हती. कटिंगच्या दुकानात तोच विषय, चहाच्या गाड्यावर तोच. कुणी म्हणे, त्यानं काढलेल्या फोटोत चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसतात. चहावाला म्हणे, आधी आपल्या रस्त्यावरचे दिसू देत.

या गावात भूपालचं मोबाईलचं दुकान होतं. माणूस सरळ, मापात पाप न करणारा. वडिलांनी किराणा मालाच्या दुकानात जे नाव कमावलं, ते आपल्या हातून जाऊ नये एवढीच त्याची धडपड असे. जो कोणी नव्या फोनचं विचारायला येई, त्याला तो सांगे, "थोडं थांबा. नवा येऊ द्या. भाव आवाक्यातलाच असेल." हे त्याला वरच्या व्यापाऱ्याकडून कळलं होतं, आणि त्यानं ते खरं मानलं होतं. त्याच्या शब्दावर बरेच जण थांबले. काहींनी बयाणाही दिला.

लहानपणी भूपाल आबा वस्तादांच्या तालमीत जात असे. कुस्तीत त्यानं मोठं काही मारलं नाही, पण नागपंचमीला वस्तादांच्या पायावर डोकं ठेवायचं त्यानं कधी चुकवलं नाही. वस्ताद शाळेत फार शिकले नव्हते. बोलत इतके सावकाश, की त्यांचं एक वाक्य पुरं होईतो समोरच्याचा चहा संपावा. तरीही गावात भांडण पेटलं की लोक त्यांनाच बोलावत.

फोन आला त्या सकाळी भूपालनं दुकानाला झेंडूचं तोरण लावलं, पेढे आणवले आणि भावाची पाटी बाहेर टांगली. पाटीवरचा आकडा पाहून पेढा खाणाऱ्यांचे हात तोंडाशी थांबले. भाव आवाक्यातला नव्हता. भूपाल बोलला होता त्याहून तो बराच वर होता.

मग जे व्हायचं ते झालं. एक जण म्हणाला, एवढ्यात म्हैस येते, वर रेडकू फुकट. दुसरा म्हणाला, म्हैस दूध तरी देते. तिसरा म्हणाला, मग म्हैस खिशात घालून फिर की. हसणं झालं, पण हसण्याखाली राग होता. कुणीतरी खोकं उघडून पाहिलं, तर आत चार्जरही नव्हता. "नवरी दिली, मंगळसूत्र तुमचं तुम्ही आणा," असं एक मास्तर म्हणाले, आणि राग पुन्हा उसळला. भूपालनं आधीच साठा करून भाव चढवला, अशी कुजबुज सुरू झाली. थोड्या वेळानं ती कुजबुज राहिली नाही. भाव कंपनीनं ठरवला, माझ्या हातात काय आहे, असं भूपाल पुन्हा पुन्हा सांगत होता. ऐकतो कोण? वडिलांचं नाव डोळ्यांदेखत पायरीवरून खाली घरंगळतंय असं त्याला वाटलं. त्यानं घाईनं वस्तादांना बोलावणं धाडलं.

वस्ताद आले. काठी भिंतीला टेकवून बाकावर बसले. भूपालनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. लोकांनी त्यांना सगळं सांगितलं, म्हशीसकट. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. आता ते काहीतरी बोलतील आणि सगळं शांत होईल, म्हणून भूपाल त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिला.

तेवढ्यात गर्दीच्या कडेनं इलाही आत आला. स्टँडसमोर मोटारसायकलींच्या सीटची कव्हरं शिवणारा हा माणूस. भूपालचं त्याच्याशी येता-जाता रामराम-सलाम होण्यापुरतं नातं. इलाहीनं हलक्या आवाजात भाव विचारला. भूपालनं गडबडीतच आकडा सांगितला. इलाहीनं मान डोलावली, हातातली रुमालाची पुरचुंडी परत खिशात ठेवली आणि तो पायरी उतरून गेला. एक शब्द बोलला नाही.

आणि वस्ताद उठले. अर्धा चहा तसाच ठेवून, काठी घेऊन, त्या चिडलेल्या गर्दीतून वाट काढत ते इलाहीच्या मागं निघून गेले.

लोक बघतच राहिले. भूपालला तर वर्मी लागलं. ज्यांना बुडताना हाक मारली, ते काठावरच्या माणसाशी गप्पा मारायला गेले, असं त्याच्या मनात आलं. दुपारपर्यंत वस्ताद परतले नाहीत. पण दुपारपर्यंत आणखीही एक गोष्ट घडली. म्हैसवाल्यानं शिव्या देत देत काळा फोन घेतला. मंगळसूत्रवाल्या मास्तरांनी सोनेरी घेतला, वर चार्जरही. "लुटलंस बघ भूपाल," असं म्हणत त्यांनी हप्त्याच्या कागदावर सही केली आणि जाताना दोन पेढे उचलले.

दिवस कलायला लागल्यावर भूपाल तालमीत गेला. वस्ताद हौद्याच्या कडेला बसून तांबड्या मातीत ताक आणि तेल मुरवत होते. भूपाल उभाच राहिला. आवाज शांत ठेवायचा त्यानं प्रयत्न केला.

"वस्ताद, मी तुम्हाला माझ्यासाठी बोलावलं होतं."

"तुझ्यासाठीच आलो होतो," वस्ताद म्हणाले. माती हातानं खालीवर करत राहिले. मग त्यांनी विचारलं, "कुस्तीत दोघं आदळले, तर मी आधी कुणाकडं धावायचो? आठवतं?"

भूपालला आठवलं. एकदा तो स्वतःच गुडघा धरून बोंबलत पडला होता, आणि वस्ताद त्याला ओलांडून, निपचित पडलेल्या दुसऱ्या पोराकडं गेले होते. त्याचा त्याला तेव्हाही राग आला होता.

"जो ओरडत नाही त्याच्याकडं," तो म्हणाला.

"ओरडणाऱ्यात दम असतो बाळ. तो उठतो. तुझ्या दारातल्या माणसांना फोन घ्यायचाच होता. माणूस मनातून घ्यायला निघालेला असला, की भावाला शिव्या देतो. ते त्याचं पैसे मोजणंच असतं. त्यांच्यानं तुझं नाव जात नव्हतं. पण तक्रार करायलासुद्धा थोडी ऐपत लागते. ती ज्याच्याकडं नसते तो पायरी उतरतो. त्याला वाटतं, चूक आपलीच, आपण उगाच आत आलो."

भूपाल खाली बसला. वस्ताद सावकाश सांगत गेले. इलाहीची मुलगी रुबिना विजापुरात दिलेली. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. नुकतंच तिला मूल झालं होतं, आणि रोज संध्याकाळी ती बापाला फोनवर त्याच्या खोड्या सांगे. पण इलाहीचा जुना फोन अडखळे. चित्र थांबे, आणि तेवढ्यात तिची बोटं पुढं निघून जात. अर्धं वाक्य कळे, अर्धं हवेत जाई. बाप उगाच हसून मान हलवी. ते उगाचचं हसणं पोरीला ओळखू येई, आणि अलीकडं ती कमी बोलू लागली होती.

"तो तुझ्याकडं आला होता चार महिन्यांमागं," वस्ताद म्हणाले. "तू त्याला थांब म्हणालास. तो थांबला. त्याला नवा फोन हवा होता का रे?"

"सगळ्यांना हवा होता, म्हणून मला वाटलं…"

"विचारलंस?"

हौद्यातल्या मातीचा आंबूस वास दाटून आला होता. भूपालच्या डोळ्यांपुढं दुकानातलं काचेचं कपाट उभं राहिलं. मागच्या साली आलेला फोन त्यात मधल्या फळीवर होता. चित्र जराही न अडखळणारा. नवा येणार म्हणून चार महिने त्याच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं, आणि नवा आला म्हणून आजच त्याचा भाव उतरला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी तो फोन घेऊन भूपाल स्टँडसमोर गेला. इलाही लगबगीनं उठला, स्टूल पुसू लागला. भूपाल म्हणाला, "इलाहीभाई, काल मी नुसता भाव सांगितला. तुम्हाला फोन कशाला हवाय ते विचारायचं राहिलं." मग त्यानं फोन पुढं ठेवला आणि उतरलेला भाव सांगितला. इलाहीनं पुरचुंडी सोडली. एक नोट परत तिच्यात बांधण्याइतकी उरली. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. सौदा सरळ झाला.

तिथंच विजापूरला फोन लागला. पडद्यावर एक मुलगी आली, मांडीवर बाळ घेऊन. तिनं सवयीनं हात हळूहळू, तोडून तोडून हलवले. इलाहीनं लगेच उत्तर दिलं. ती थबकली. तिनं पुन्हा काही विचारलं, जरा भराभर. यानंही तसंच भराभर सांगितलं. मग त्या पोरीची बोटं अशी धावू लागली, जसं महिनोन्महिने अडवलेलं पाणी पाटाला लागावं. मागं एसटीचे हॉर्न वाजत होते, कंडक्टर ओरडत होते, आणि त्या गोंगाटात बाप-लेक एक आवाज न करता बोलत होते.

मध्येच इलाही म्हणाला, "विचारतेय, मागं कोण उभंय."

"काय सांगितलंत?"

"ज्यांनी थांबा म्हटलं होतं, ते, असं सांगितलं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. होतं ते त्यानं सांगितलं होतं.

पडद्यावरच्या मुलीनं बाळाचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि ते भूपालकडं पाहून जोडले. भूपालनं मान खाली घातली. नमस्कार करायचं त्याला जरा उशिरानंच सुचलं.

आजही त्या दुकानात नवा फोन आला की म्हैस निघते, मंगळसूत्र निघतं, भूपालच्या सात पिढ्या निघतात. तो हसून ऐकतो, पेढे देतो. नजर मात्र पायरीवर असते. भाव ऐकून कुणी गप्प उतरू लागला, की तो हातातलं काम ठेवून उठतो आणि हाक मारतो, "थांबा, जाऊ नका. कशासाठी हवा होता, तेवढं सांगून जा."