पाचवी वेळ

"उद्या आपला सिदबा कुस्ती जिंकेल का? चुकलास तर कडेलोट!" महाराज गरजले.

प्रश्न तालमीची नोंदवही ठेवणाऱ्या तात्याबाला होता. राजज्योतिषाचा कडेलोट होऊन महिनाही झाला नव्हता. तात्याबाने थरथरत वही उघडली.

"वीस कुस्त्यांत चार हरलाय, महाराज. म्हणजे पाचांत चार वेळा जिंकतो."

"उद्या ती पाचवी वेळ नाही कशावरून?"

"ते आपल्या हाती आहे. हरला त्या चारही कुस्त्यांना आपण समोर बसला होता. जिंकला तेव्हा एकदाही नव्हता."

"माझ्या बसण्याने पैलवानाचं काय बिघडतं?"

तात्याबाने दोन्ही हात पुढे केले. "हे हात बघा, महाराज. तालमीत लिहिताना यांना कधीच कंप सुटत नाही."

दुसऱ्या दिवशी महाराज शिकारीला गेले आणि सिदबाने कुस्ती मारली.