तेलिणीचा फेरा

बोरटेकच्या पाचवाटेवर सिग्नल नाही, शिट्टी फुंकणारा हवालदार नाही, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकात असायलाच हवा असा समजला जाणारा पुतळाही नाही. आहे तो फक्त कमरेएवढ्या उंचीचा, काळ्या दगडांचा एक गोल पार. पाच रस्त्यांवरून ट्रॅक्टर येतात, एस. टी. येते, कापसाचे ट्रक येतात, पार उजव्या हाताला ठेवून वळतात आणि आपापल्या रस्त्याला लागतात. कोणी कोणावर हात उगारत नाही. शहरांतून इथे अभियंते येतात, फोटो काढतात, टेपने अंतरे मोजतात आणि दोन प्रश्न विचारतात. हा पार चौकाच्या मधोमध का नाही, पूर्वेला आठ हात सरकलेला का? आणि पार आहे तर वर देव कुठे आहे?

उत्तर द्यायला देवमनजी ढोबळे पुढे येतात. एकतीस वर्षे त्यांनी याच चौकातून एस. टी. चालवली. आता कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसतात आणि पाहुण्यांना चहा पाजून ही हकिकत सांगतात. त्यांना ती त्यांच्या आजीने सांगितली, आजीला तिच्या आजीने. कागदोपत्री पुरावा नाही. पण ज्या चौकांचे कागद आहेत त्यांची दशा आपण रोज पाहतोच.

त्या काळी मोटार नव्हती, असे सांगतात. पाचही रस्त्यांनी कापसाच्या गाड्या बोरटेकच्या बाजाराला यायच्या. पाच रस्त्यांवर पाच गावे, पाच गावांचे पाच पाटील आणि पाचांचे पाच मान. पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल कोणाचा, यावरून त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आला होता. तो वाद तोरणापाशी थांबला असता तर बरे होते. तो चौकात आला. पाटलाच्या गावची गाडी दुसऱ्या गावच्या गाडीसमोर मागे सरणार नाही, असे ठरून गेले. कोणी ठरवले ते कोणालाच ठाऊक नव्हते, पण पाळत सगळे होते. शिवाय भरल्या गाडीचा बैल मागे सरता सरत नाही. तेव्हा माणसाचा हट्ट आणि बैलाची अडचण एका जुवाला जुंपली गेली. कापसाच्या हंगामात सकाळी अडकलेली गाडी दिवस कलता सुटायची. गाडीवान तिथेच भाकरी खायचे, तिथेच भांडायचे आणि घरी जाऊन मान राखल्याचे सांगायचे.

चौकाच्या अलीकडे, पश्चिमेला, तेलीपुरा होता. पाचही गावांना तेल पुरवणारे घाणे तीन, तिन्ही एकाच भावकीचे. त्यातला एक संपत तेल्याचा. एका सकाळी घाण्याची जड लाकडी लाट निसटली आणि संपतच्या छातीवर बसली. वैद्य राहायचा चौकापलीकडे, दोन कोसांवर. चौघांनी संपतला बाजेवर घातले आणि बाज खांद्यावर घेऊन धावत चौकापर्यंत आणले. पुढे गाड्याच गाड्या. चाकाला चाक भिडलेले, बाज जाईल एवढी फट नाही. दोन्ही बाजूंना काट्यांची कुंपणे आणि त्यामागे कापसाची उभी पऱ्हाटी. संपतची बायको भिवरा एकेका गाडीवानाला हात जोडत फिरली. सगळे हळहळले. खरोखर हळहळले, असे देवमनजी मुद्दाम सांगतात, कारण त्यांच्या मते हळहळणाऱ्या माणसांनीच या देशाचे जास्त नुकसान केले आहे. मागे सरायला मात्र कोणी तयार नव्हते. नदीकडच्या रस्त्यावर उकंडराव पाटलांची गाडी सर्वांत पुढे होती. तिचा गाडीवान खाली मान घालून म्हणाला, "बाई, माही असती तर सरकवली असती. पाटलाची हाय."

संपत बाजेवरच गेला. उन्हे डोक्यावर आली होती.

भिवराला एकच लेक, कौतिका. ती दिली होती नदीकडच्या गावात. तिचे पहिले बाळंतपण पौषात यायचे होते आणि पहिलटकरीण माहेरी येणार ही रीतच. पौष म्हणजे कापसाच्या गाड्यांचा ऐन भर. नदीकडून तेलीपुऱ्यात यायला चौकाशिवाय वाट नव्हती. नवऱ्याच्या दहाव्याला गाव जमले तेव्हा भिवरा रडली नाही, म्हणे. हातावर पाणी घेऊन तिने सांगितले, "माही पोरगी त्या चौकातून येणार हाय. चौक मोकळा होत नाही तोवर माह्या घाण्याले बैल जुपणार नाही." भावकीतल्या दोन दिरांनी एकमेकांकडे पाहिले आणि त्यांनीही आपापले बैल सोडले.

पाटलांना हसू आले. तेलिणीचा रुसवा चार दिवसांचा, असे म्हणाले. पण गावातले तेल कोणाच्या रुसव्याकडे पाहून पुरत नाही. आठवड्याने फोडण्या बंद झाल्या, पंधरवड्याने देवळातले नंदादीप विझले. मग उकंडरावांनी अक्कल चालवली. तालुक्याहून तेलाचे चामडी बुधले भरून गाडी मागवली. ती गाडी कुठे अडकली हे सांगायला नकोच. दोन दिवस चौकात उन्हात उभी राहिली, बुधल्यांच्या शिवणी उसवल्या आणि पाटलांचे तेल चौकातल्या धुळीने प्यायले. त्या दिवशी उकंडरावांच्या घरातून आवाज बाहेर ऐकू आला, असे सांगतात. त्यांची बायको राहीबाई विचारत होती, "घरात दिवा नाही. तुम्ही मान मिरवता तो दिसते तरी कोणाले?"

दुसऱ्या दिवशी पाचही गावे चौकात जमली. पाटलांनी आधी आपल्या पद्धतीने सोडवून पाहिले. मानाचा क्रम ठरवावा, खालच्याने वरच्यासाठी थांबावे. क्रम ठरवायला बसले ते दुपारपर्यंत पहिल्या नंबरापुढे गेले नाहीत. तेव्हा भिवरा आपला घाण्याचा बैल दोरीला धरून चौकात आली. तिने मधोमध एक धोंडा ठेवला आणि बैल त्याच्याभोवती फिरवला.

"हा बैल दिवसभर चालते," ती म्हणाली. "कधी कोणासमोर आला नाही. कधी मागं सरला नाही. तुम्ही देवळात जाता तवा देव उजव्या हाताले ठेवून फिरता. समोरून कोणी येते का? तिथं कोण कोणासाठी थांबते? इथंही तसंच फिरा. जो फेऱ्यात हाय तो पुढं. जो बाहेर हाय त्यानं वाट पाहावी. फेऱ्यासाठी थांबाचं, माणसासाठी नाही."

विचार करता कोणाचाही मान जात नव्हता. प्रदक्षिणेसाठी थांबण्यात कमीपणा कसला?

लगेच पार बांधायला घेतला नाही, हे देवमनजी पाहुण्यांतल्या अभियंत्यांकडे पाहून सांगतात. कुंभारांच्या भट्टीतली राख आणून जमिनीवर गोल आखला आणि आठ दिवस गाड्या चालवून पाहायचे ठरले. पहिल्या दिवशी जो घोटाळा झाला तो बोरटेकची माणसेच करू जाणोत. प्रदक्षिणा म्हटल्यावर ती अर्धी कशी टाकायची? प्रत्येक गाडीवानाने श्रद्धेने पूर्ण फेरा मारला. काहींनी पाच मारले. एकाने नवस होता म्हणून अकरा धरले. दुपारपर्यंत राखेभोवती गाड्यांचे असे कडे झाले की आतला बाहेर निघेना आणि बाहेरचा आत येईना. पाटील मिशीत हसू लागले. भिवराही खाली बसली.

तोडगा राहीबाईंनी काढला. त्या राखेच्या गोलापाशी गेल्या आणि बोटाने दाखवत म्हणाल्या, "अरे, जाताना इकडून गेला. बाजार करून येताना तिकडून येशील. पुरी झाली ना? घरी पोचला की प्रदक्षिणा पुरी. बाकीची इथं काहून मारतं?"

लोकांनी बोटाने हवेत गोल काढून पाहिले. खरेच होते. कुठल्याही रस्त्याने जा आणि त्याच रस्त्याने घरी या, जातानाचा आणि येतानाचा मिळून फेरा बरोबर पुरा होतो. दुसऱ्या दिवशी कडे सुटले.

तिसऱ्या दिवशी कुंभारणी आल्या. डोक्यावर मडक्यांच्या उतरंडी घेऊन त्या पश्चिमेच्या उतारावरून बाजाराला यायच्या. गाड्या आता पळू लागल्या होत्या, आणि चालणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरली नव्हती. त्यांच्यातली एक म्हातारी भिवराला म्हणाली, "तुह्या लेकीले रस्ता झाला, बाई. आम्ही का उडत जावं?" भिवराने मान खाली घातली. पाच पाटलांना ज्यांची आठवण राहिली नाही त्यांची तिलाही राहिली नव्हती. मग तिने म्हातारीलाच पुढे घातले. म्हातारी डोक्यावरच्या ओझ्यानिशी आपल्या चालीने चालली, आणि तिला जेवढी जागा लागली तेवढी सोडून राखेचा गोल पूर्वेला सरकवला. तो भरला आठ हात. पार मधोमध नाही त्याचे कारण एवढेच आहे. त्यात वास्तुशास्त्र नाही की भूगर्भातली लहर नाही, पुस्तिकांत काहीही छापलेले असो.

आठ दिवसांनी पाचही गावांतून घरटी एक दगड आला. उकंडरावांनी सर्वांत मोठा पाठवला, त्यावर स्वतःचे नाव कोरून. भिवराने तो नाकारला नाही. पायाभरणीत घातला, नावाची बाजू जमिनीकडे करून. पार उभा राहिल्यावर पाचही पाटील आपापले ग्रामदैवत वर बसवायला निघाले. तेव्हा ती पारावर हात ठेवून उभी राहिली. "देव बसला की पुजारी येईल. पुजारी आला की पहिला मान येईल. हे रिकामंच राहू द्या," एवढेच तिने सांगितले. घाणा अजून बंदच होता, त्यामुळे तिचे ऐकणे भाग होते.

कारण तिच्या लेखी चौक अजून मोकळा झालेला नव्हता. कौतिका यायची होती.

पौषातल्या एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, नदीकडच्या रस्त्यावर जावयाची गाडी दिसली. पाचही वाटा कापसाने पांढऱ्या झाल्या होत्या. भिवरा कुंभारणींसाठी सोडलेल्या जागेत उभी होती. नेमकी तिथे, जिथे संपतची बाज खाली टेकवली होती. जावयाची गाडी पाराशी आली, क्षणभर थांबली, एक फट मिळताच फेऱ्यात शिरली. त्याच वेळी पुढच्या रस्त्याच्या तोंडावर दुसरी एक गाडी येऊन ठाकली. तीवर उकंडराव पाटील स्वतः बसले होते. बाजार करून परत निघाले होते. त्यांच्या बैलांनी पाऊल उचलले होते. पाटलांनी गाडीवानाच्या हातातले कासरे आपल्या हातात घेतले आणि ओढून धरले. बैलांच्या माना वर गेल्या. कौतिकाची गाडी त्यांच्या समोरून, वीतभर अंतरावरून, गेली.

पान लावून तोंडात टाकावे एवढ्या वेळात सगळे झाले, म्हणे. ना कोणी ओरडले, ना कोणी मान वळवली. गाडी तेलीपुऱ्याच्या वाटेला लागली आणि भिवरा होती तिथेच मटकन बसली. नवरा गेल्यापासून न रडलेली बाई तिथे धुळीत बसून हमसून हमसून रडली. कौतिका घाबरली, जड पोटाने गाडीतून उतरली, तिच्याजवळ आली. "काय झालं, माय?"

"काही नाही," भिवरा म्हणाली. "आलीस."

चार दिवसांनी कौतिका सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. त्याच सकाळी तेलीपुऱ्यातले तिन्ही घाणे पुन्हा सुरू झाले आणि गावाच्या फोडणीला चव आली. सव्वा महिन्याने लेक तान्हीला घेऊन सासरी निघाली तेव्हा भिवरा पारापर्यंत आली. जा असे तिने म्हटले नाही. "येताना अर्धा झाला होता, आता पुरा झाला. पुढचा लवकर सुरू कर," असे म्हणाली. त्यावरून बोरटेकला निरोपाचा तो शब्दच पडला.

घाणे गेले. कापूस ट्रकमध्ये चढला. पाटलांच्या जागी दुसरे मानकरी आले. पारावर पुतळा बसवण्यासाठी तीनदा भूमिपूजनाचा नारळ आणला गेला. तिन्ही वेळा कुंभारवाड्यापासून नदीपर्यंतची माणसे कामधंदा सोडून चौकात येऊन उभी राहिली, आणि नारळ आणणाऱ्यांना तो पिशवीत घालून न्यावा लागला. माहेरी येणाऱ्या पहिलटकरणीची गाडी, मग ती रिक्षा का असेना, पाराशी आली की पाचही तोंडांवरची वाहने आजदेखील थांबतात. पश्चिमेची ती आठ हात जागा कोणी हातगाडीने अडवली, तर भाजीवाल्या बायाच त्याला उठवतात.

चहा संपतो. पाहुणे टेप गुंडाळतात, गाडीत बसतात, पार उजव्या हाताला ठेवून वळतात. देवमनजी हात वर करून त्यांना म्हणतात, "फेरा पुरा झाला बरं का, साहेब. पुढचा लवकर सुरू करा."