अध्यक्षांच्या सहीचा फॉन्ट

नगराध्यक्ष दौलतराव खर्डेकरांना आपल्या वळणदार सहीचा भारी अभिमान. त्याच वळणाचा फॉन्ट करवून घेऊन त्यांनी नगरपालिकेची अख्खी वेबसाइट त्यात करायला लावली. झालं! पाणी कधी येणार, ते कुणालाच वाचता येईना. नळ येऊन जायचे, घागरी कोरड्याच राहायच्या आणि कचेरीतला फोन दिवसभर ठणाणा करायचा.

वेबसाइट सांभाळणारी शकीला मुलाणी वैतागून केबिनमध्ये शिरली. "साहेब, साधा फॉन्ट लावू द्या. लोकांना अक्षर लागत नाही."

"लोकांनी सवय करून घ्यावी!" दौलतराव टेबलावर बोटं आपटत म्हणाले.

शकीलाने एक कागद पुढे केला. "मग या आदेशावर सही करा."

दौलतरावांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि भडकले. "काय हे गिचमिड! वाचल्याशिवाय मी सही करतो होय? सरळ अक्षरात टाईप करून आण!"

"तुमचाच फॉन्ट आहे, साहेब," म्हणत तिने दुसरा कागद समोर ठेवला. "आणि हा सरळ अक्षरातला. वेबसाइटचा फॉन्ट बदलण्याचा आदेश आहे. तुमचं वळण खाली, सहीपुरतं."

बाहेर पुन्हा फोन वाजला. दौलतरावांनी गुपचूप पेन उघडलं.