भागूचा होकार

“मग चूक कुणाची, बुवा? माझ्या औषधाची की तिची?”

दिगंबराचा आवाज नकळत चढला. कोष्टीआळीतली भागू बाहेर ओट्यावर सासूजवळ बसली होती. तिचा ताप काही हटत नव्हता. अंगावर पिणारं पोर, आणि बाई दिवसेंदिवस वाळत चाललेली. आता बुवा आपल्याला वेगळी वैद्यकी मांडू देतात कसले, असं दिगंबराच्या मनात आलं.

वैद्यबुवा खलात सुंठ कुटत होते.

“काय सांगितलं होतंस तिला?”

“जेवणाआधी चाटण घे, वर कपभर दूध पी. अगदी फोड करून सांगितलं.”

“ती काय म्हणाली?”

“हो म्हणाली.”

“आणि?”

“आणि काय? पदर सावरून गेली सासूच्या मागं.”

“तिच्या घरात शेवटी कोण जेवतं रे?”

दिगंबराला हसू आलं. “बुवा, तापाचा नि पंगतीचा काय संबंध?”

बुवांनी बत्ता खाली ठेवला.

“बरं, ते राहू दे. परसातून काकजंघेची मुळी आण बघू.”

“हो, बुवा.”

दिगंबर परसात गेला खरा, पण काकजंघा म्हणजे नेमकं कोणतं झाड? बुवांनी कधीतरी दाखवलं असेल. त्याने इकडेतिकडे पाहिलं, अंदाजाने एक रोपटं उपटलं आणि मुळी धुऊन आणली.

बुवांनी ती हुंगली.

“ही काकजंघा?”

“...असावी.”

“तुला ओळखता येते?”

“नाही.”

“मग मघाशी हो का म्हणालास?”

दिगंबराची मान खाली गेली. “तुमच्यासमोर... नाही कसं म्हणायचं?”

बुवांनी मुळी त्याच्या हातात परत दिली.

मग दाराशी जाऊन त्यांनी हाक मारली, “म्हातारे, जरा आत ये. तुझी नाडी बघू.”

“माझ्या नाडीला काय धाड भरलीय? आजारी सून आहे!”

“म्हणूनच. ये, बैस.”

सासू कुरकुरत आत आली. ओट्यावर भागू आणि पोर, दोघंच उरली.

म्हातारीचं मनगट हातात घेत बुवा हळूच म्हणाले,

“जा दिगंबरा. तिच्या तोंडून एकदा ‘नाही’ ऐकून ये.”