सोनेरी गुटिका आणि नव्या भाताची टोपली

फार पूर्वी वरदा नदीकाठच्या कुंभवती नगरात सुषेण नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व झाडपाला ओळखणाऱ्यांच्या कुळात जन्मला आणि वाढत वाढत राजाच्या औषधशाळेचा प्रमुख झाला. त्याचे नाव सोमिल. नुसता वास घेऊन मुळी कोणत्या रानातली ते तो सांगे, आणि जे ठाऊक नाही त्याला सरळ ‘ठाऊक नाही’ म्हणे. दरबारात ही दुसरी विद्या पहिलीपेक्षा दुर्मिळ होती.

नगराला लागून हिरड्याचा डोंगर होता. चाळीस गावांची औषधे, सरपण आणि गुरांचा चारा तिथूनच येई. दरवर्षी नवे भात आले की राजा त्याची पहिली टोपली डोक्यावर घेऊन डोंगराच्या तीनशे पायऱ्या चढे आणि माथ्यावरच्या तळ्याकाठी ठेवी. वाटेत टोपली जमिनीला टेकू द्यायची नाही, असा नियम होता. गेल्या वर्षी दोनशेव्या पायरीवर सुषेणाचे गुडघे लटपटले आणि टोपली टेकली. लोक काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर राजाला बरे वाटले असते.

पुढच्या सणाला दोन महिने उरले असताना कनकप्रभ नावाचा एक रसायनविक्या, म्हणजे तारुण्याची औषधे विकणारा, नगरात आला. त्याचे केस काळेभोर होते, चाल ताठ होती, आणि हातातल्या बरणीत सोनेरी वर्खाच्या गुटिका होत्या.

“मी एकशे वीस वर्षांचा आहे,” तो राजाला म्हणाला. “रोज एक गुटिका घेतो. महाराजांनी घेतली तर सणापर्यंत पंचविशीतले पाय परत येतील. मोबदल्यात मला फक्त तो डोंगर द्या. गुटिकेची मुळे तिथेच उगवतात.”

राजाने ताम्रपट आणायला सांगितला. सोमिलाने हात जोडले. “महाराज, एक महिना थांबावे.”

“तुला हा माणूस खोटा वाटतो?”

“मला ठाऊक नाही. महिन्याने ठाऊक होईल. तोवर डोंगर कुठे जात नाही. एकदा दिला की मात्र तो परत येणार नाही, आणि चाळीस गावे उघडी पडतील.”

राजा हळू आवाजात म्हणाला, “सोमिला, मला म्हातारपणाची भीती नाही. सगळ्यांदेखत पुन्हा टोपली टेकेल, याची भीती वाटते.” सोमिलाला त्याची फार दया आली. पण दया आली म्हणून त्याने आपले म्हणणे सोडले नाही. राजाने महिनाभराची मुदत दिली.

सोमिलाने नाचणीचे पीठ आणि गूळ मळून हुबेहूब तशाच गोळ्या वळल्या आणि त्यांनाही वर्ख लावला. मग नगरातली वीस म्हातारी माणसे बोलावली. कोणत्या दहांना खरी गुटिका आणि कोणत्या दहांना नाचणी, हे राणी सुनंदेने ठरवले आणि ताडपत्रावर लिहून स्वतःजवळ मोहोरबंद ठेवले. सोमिलालाही ते माहीत नव्हते. रोज सकाळी विसांनी पन्नास पायऱ्या चढून चौथऱ्यावर यायचे, गोळी घ्यायची, सोबत कढण प्यायचे आणि उतरायचे. पहिल्या आठवड्यात सगळे कुरकुरले. दुसऱ्या आठवड्यात एकमेकांची वाट पाहू लागले. तिसऱ्या आठवड्यात चौथऱ्यावर एवढा हशा पिकू लागला की खालचे लोक वर पाहत.

महिना संपला तेव्हा राजा, कनकप्रभ आणि अर्धे नगर पायथ्याशी जमले. विसांपैकी सतरा जणांनी सांगितले की पाय हलके झाले, झोप चांगली लागते. कनकप्रभाचा चेहरा खुलला. सगळ्यांत आधी वर पोचलेल्या रेवाआजीकडे त्याने बोट दाखवले. ती कुंभाराची विधवा, ब्याऐंशी वर्षांची.

“पाहा महाराज, हा माझ्या गुटिकेचा प्रताप.”

राणीने मोहोर फोडली आणि वाचले. रेवाआजीला नाचणी मिळाली होती. पाय हलके झालेल्या सतरांपैकी नऊ जण नाचणीवरचे होते, आठ गुटिकेवरचे. लोकांत हसू पसरले.

कनकप्रभ घामाघूम झाला. “गुटिका राहू द्या, माझ्याकडे पाहा. या महाराजांचे आजोबा हीच टोपली घेऊन चढताना मी पाहिले आहेत. तेव्हाही मी असाच होतो.”

रेवाआजी पुढे आली. “पाहिलंत का? मग सांगा बरं, कसे चढले होते?”

“एकटे. सिंहासारखे.”

“अहो, थोरले महाराज कधीच एकटे चढले नाहीत,” आजी म्हणाली. “पन्नास पायऱ्या ते, मग राणीसाहेब, मग माळी, मग माझा बाप. टोपली या डोक्यावरून त्या डोक्यावर जायची. मी आठ वर्षांची होते. तीन पायऱ्या माझ्याही डोक्यावर होती. नियम टोपली टेकू न देण्याचा आहे, एकट्यानं नेण्याचा नाही. तुमचे वडील, महाराज, धिप्पाड. ते पन्नास वर्षं एकटेच चढले, म्हणून सगळ्यांना वाटलं असंच करायचं असतं. मला आजवर कुणी विचारलंच नाही.”

राजाच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते त्याने पुसले नाही.

शिपाई कनकप्रभाला धरायला धावले. सोमिलाने त्यांना थांबवले. कनकप्रभाच्या रंगवलेल्या दाढीच्या मुळाशी बोटभर पांढरे दिसत होते. “महाराज, यालाही म्हातारपणाचीच भीती वाटते. भ्यालेल्या माणसाला शिक्षा कसली करायची? याला औषधशाळेत मुळ्या निवडायला ठेवा.” राजाने मान्य केले आणि कोरा ताम्रपट परत पाठवला.

सणाच्या दिवशी राजा टोपली घेऊन निघाला. गुडघे थकले तेव्हा त्याने ती राणीच्या डोक्यावर दिली. पुढे ती विणकराकडे गेली, गुराख्याकडे, कनकप्रभाकडे. या वेळी त्याचे केस पांढरे होते. शेवटच्या तीन पायऱ्या रेवाआजीच्या होत्या. तळ्याकाठी तिने टोपली राजाच्या हातात दिली आणि त्याने ती ठेवली. वाटेत ती कुठेच टेकली नव्हती. असा जयघोष उठला की नदीपलीकडच्या गावांतून लोक बाहेर आले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात आलेल्या एका धनिकाला सांगितली. दीर्घायुष्याची भुकटी घ्यावी की नाही, हे विचारायला तो आला होता, आणि तिची पुडी त्याच्या कमरेच्या बटव्यात होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, “गृहस्था, त्या जन्मी तो राजा तूच होतास. तुझ्यामागे बसलेली तुझी पत्नी ती राणी होती. गुटिका विकणारा म्हणजे आज दारापाशी झाडलोट करणारा हा भिक्षू. रेवाआजी म्हणजे ती वृद्ध भिक्षुणी, जिला ओलांडून तू आत आलास. सोमिल मी होतो. जे ठाऊक नाही ते धीराने ठाऊक करून घेणे, आणि ठाऊक झाल्यावरही कोणाला न दुखावणे, ही प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता.”

धनिक उठला. पुडी तिथेच राहिली. दारापाशी जाऊन तो त्या वृद्ध भिक्षुणीशेजारी बसला आणि म्हणाला, “आई, तुम्हांला काय काय आठवतं, ते मला सांगा.”