डोम्याने शिकवलेली पारख

झाडांना अजून मालक नव्हते, तेव्हाची गोष्ट. चिंचेवरच्या कावळ्यांचा पुढारी डोम्या मेला. रिवाजाप्रमाणे सगळे कावळे जमले आणि कलकलाट करून रडले.

साळू कावळीही रडली. उपासमारीत डोम्यानेच तिला आपल्या चोचीतला घास दिला होता. “कोकिळा आपल्या घरट्यांत अंडी घालतात. संशय आला की फोडा!” हेही त्याचंच सांगणं. तेव्हा साळूचंही एक अंडं फुटलं होतं. “कोकिळेचंच होतं ते, साळूताई,” असं तो म्हणाला आणि तिने मान डोलावली.

“आता तरी अंडी फोडणं पुरे करा,” म्हातारा बापू कावळा म्हणाला. “दोन वर्षांत इथे एकही कोकिळा फिरकलेली नाही.”

सगळे त्याच्या अंगावर धावून गेले. साळूसुद्धा.

ती घरट्यात परतली. सकाळीच तिने घातलेलं अंडं तिथे होतं. त्यावरचा एक ठिपका तिला जरा मोठा वाटला. ती वाकून बघत राहिली.

“शाबास, साळू!” शेजारीण ओरडली. “कोकिळेचंच होतं ना गं?”

साळूने दचकून खाली पाहिलं. तिच्या चोचीवरून बलक ओघळत होता.