घटिकापात्राचा निकाल

“म्हणजे दोन वर्षं मी खपलो ते ‘कालमापना’च्या पोटात चार ओळी टाकायला का, तात्या?”

हेरंब आठल्येचा आवाज पडवीभर झाला. तात्या भडकमकर झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

वस्तुकोशाचा तिसरा खंड छपाईला निघाला होता. त्यात घटिकापात्राला स्वतंत्र लेख द्यावा की ते ‘कालमापन’ या लेखाच्या पोटात घालावं, यावर मंडळातली माणसं भांडून भांडून थकली आणि निकाल तात्यांच्या गळ्यात घालून मोकळी झाली. कोशाची शिस्त अशी, की लेखकाचं नाव फक्त स्वतंत्र लेखाखाली छापतात. पोटात गेलं की नावही पोटात. आणि हेरंबाने तर आळीभर पेढे कबूल करून ठेवलेले!

“लेखात आहे काय काय?”

“काय नाही ते विचारा! तांबं कुठलं, घडवतात कसं, लग्नाच्या मुहूर्ताला त्याची पूजा कशी मांडतात...”

“आणि भोक?”

“एक ओळ आहे. बुडाला भोक असतं, त्यातून पाणी शिरतं, एका घटकेत, म्हणजे चोवीस मिनिटांत, पात्र बुडतं. भोकात लिहिण्यासारखं असतं काय, तात्या?”

...

तात्या उठले. न्हाणीतलं गंगाळ ओढत आणून त्यांनी पाण्याने भरलं.

“माझं पात्र परत आणलंयस ना? सोड त्यात. ते बुडेपर्यंत तू बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही. बुडालं की निकाल.”

हेरंबाने पिशवीतून पात्र काढलं. कोशातल्या फोटोसाठी त्याने ते चिंचेने घासलं होतं, वर चमक टिकावी म्हणून आतून-बाहेरून मेण चोळलं होतं. तोंड बघावं असं लखलखत होतं. त्याने ते अलगद पाण्यावर ठेवलं आणि सुरू झाला.

बोलला मात्र झकास. मंडळातल्या एकेकाला त्याने सोलून काढलं. “दुधातलं पाणी बघायच्या नळीला अख्खं पान देता, आणि ज्याच्या भरवशावर पिढ्यान् पिढ्या अक्षता पडल्या त्याला चार ओळी?”

तात्यांनी पुन्हा झोपाळ्यावर बसून सुपारी तोंडात टाकली.

उषाकाकू चहा ठेवून गेल्या. चहावर साय धरली. पात्र तरंगत होतं.

हेरंबाचे मुद्दे संपले. मग तेच मुद्दे दुसऱ्यांदा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्याचं त्यालाच ऐकवेना.

काकू कप न्यायला आल्या. “अगो बाई, अजून बोलतोयस? लग्न असतं तर एव्हाना वऱ्हाड जेवून घरी गेलं असतं रे!”

हेरंब भडकला. “तात्या, पुरे झालं आता! हे बुडत का नाही?”

“मध्ये तोंड घालणार नाही म्हटलंय मी.”

...

हेरंबाने पात्र खसकन उचललं. आतून कोरडं ठणठणीत. उजेडाकडे धरून पाहिलं. कुठून उजेड म्हणून येईना. बोट फिरवलं. बुडाशी मेणाचा एक गोळा बसला होता.

त्याचे कान लाल झाले.

काकूंनी बांगडीतली पिन काढून मुकाट्याने त्याच्यापुढे धरली. त्याने भोक टोकरलं. मेणाचा कण पडला, आणि पात्रातून मोहरीएवढा उजेड त्याच्या तळहातावर उतरला.

त्याने पात्र पुन्हा पाण्यावर ठेवलं. बुडातून पाण्याची बारीक धार वर आली, दोऱ्यासारखी. हेरंब उकिडवा बसून पाहत राहिला. पानंच्या पानं लिहिली होती, पण हे पाणी आत येताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

धार चढत गेली. झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली.

...

पात्राने कड टेकवली, एक गिरकी घेतली आणि डुबुक करून तळाशी गेलं.

“तात्या...” हेरंबाचा आवाज आता पडवीपुरताही नव्हता. “निकाल?”

तात्यांनी गंगाळात वाकून पाहिलं.

“पात्र जाऊ दे पोटात. तू भोकावर स्वतंत्र लेख लिही.”